मासे आधीच सोडलेत आणि फिल्टर अजून कच्चा आहे: सोलापूरच्या पाण्यात नवी टाकी कशी सावरायची

प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका ताईंनी मुलाच्या हट्टापायी दोन फुटी टाकी आणली: २४ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. त्याच संध्याकाळी नळाचं पाणी भरलं, दुकानातून मिळालेलं निळं औषध टाकलं आणि चार गोल्डफिश, दोन मॉली, एक सकर (काचेला चिकटून शेवाळ खाणारा मासा) असे मासे सोडले. आज अकरावा दिवस. एक मॉली गेली. गोल्डफिश सकाळी वर येऊन तोंडाची उघडझाप करत राहतात. दुकानदाराच्या सांगण्यावरून तीनदा टाकी पूर्ण रिकामी केली, खडी आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली स्वच्छ धुतला. धुतलं की मासे दोन दिवस खुलतात, मग पुन्हा तेच. मासे परत करावेत का, की आमचं पाणीच माशांना मानवत नाही, असं त्या विचारतात.

ताई, सगळे मासे परत करायची घाई करू नका. पाणीही मानवेल. फक्त आजपासून टाकी धुणं बंद करा. टाकी तीनदा धुतलीत, म्हणजे जे घडायला हवं होतं ते तीनदा पहिल्यापासून सुरू झालं.

मासा कल्ल्यांवाटे सतत अमोनिया सोडतो. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजूनही अमोनियाच होतो. तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडांवर, गाळात, पानांवर बसलेले असतात. तुमच्या नव्या काचेत ते अजून आलेले नाहीत. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो, दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. नायट्राइटसुद्धा विषारी असतं. नायट्रेट मात्र बऱ्यापैकी निरुपद्रवी, ते पाणी बदलून काढता येतं. दोन्ही गट पुरेसे वाढले की टाकी ‘सायकल झाली’ म्हणतात. या जिवाणूंची वाढ फार सावकाश असते. दूध विरजायला एक रात्र पुरते, इथे महिना-दीड महिना लागतो.

आता धुतल्यावर मासे दोन दिवस का खुलतात ते सांगतो, कारण तिथेच सगळे फसतात. सगळं पाणी बदललं की साठलेला अमोनिया गटारात जातो आणि माशांना खरोखर बरं वाटतं. पण त्याच वेळी स्पंजावर आणि खडीवर नुकती धरू लागलेली जिवाणूंची साय नळाच्या क्लोरीनने मरते. दोन दिवसांत अमोनिया पुन्हा चढतो. दुकानदाराचा सल्ला अर्धा बरोबर होता: पाणी बदलायचंच आहे, पण थोडं थोडं. आणि स्पंजाला नळ दाखवायचा नाही.

आधी आज रात्रीचं काम. मासे वर येऊन तोंड उघडत असतील तर वाट बघू नका. मुरवलेलं, क्लोरीन गेलेलं पाणी हाताशी असेल तर टाकीतलं निम्मं पाणी पाइपने काढा आणि तेवढंच नवं घाला. नवं पाणी टाकीइतकंच कोमट असावं, हात बुडवून दोन्हीकडचा फरक जाणवता कामा नये. एअर पंप रात्रभर चालू ठेवा. दोन दिवस खाद्य पूर्ण बंद. गोल्डफिशला आठवडाभर उपास घडला तरी काही होत नाही, हे मुलाला नीट समजावून सांगा, कारण घरोघरी प्रेमाने खायला घालणारी मुलंच असतात आणि त्यांची चूक नसते.

खाद्याचा हिशेब एकदा डोळ्यांसमोर ठेवला की हात आपोआप आखडतो. साधारण एक ग्रॅम खाद्य माशांच्या पोटातून गेलं की त्यातून ३० मिलीग्रॅमच्या आसपास अमोनिया बाहेर पडतो. तुमच्या टाकीचं माप इंचांत गुणून ६१ ने भागलं तर ७० लिटर येतात. खडी आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी ६० लिटरच्या घरात. म्हणजे एका ग्रॅममागे अमोनिया अर्धा पीपीएम (लिटरला अर्धा मिलीग्रॅम) चढला. छोट्या दाण्यांचा सपाट पाव चहाचा चमचा म्हणजे अर्ध्या ग्रॅमच्या थोडं वर. सकाळ-संध्याकाळ तेवढं घातलं तर कच्च्या फिल्टरच्या टाकीत एका दिवसात अर्ध्या पीपीएमपेक्षा जास्त. उपासानंतर एक दिवसाआड, मासे एका मिनिटात संपवतील इतकंच घाला. सायकल होईपर्यंत हेच.

आता आपल्या पाण्याबद्दल. पुण्या-मुंबईच्या मंडळींनी दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा लागू पडत नाही, म्हणून हा भाग लांबवतो.

पहिली अडचण, नळाला पाणी रोज नसतं. उजनीचं पाणी चार-पाच दिवसांआड सुटतं आणि त्या तासाभरात घागरी, टिपाडं, टाक्या भरायची धांदल. अशा घरात ‘रोज तीस टक्के पाणी बदला’ असं सांगून कोणाला काय उपयोग? म्हणून माझ्या लेखी सोलापुरात माशांच्या टाकीचा पहिला भाग म्हणजे शेजारी ठेवलेलं २०० लिटरचं प्लॅस्टिकचं टिपाड. फिल्टर त्याच्यानंतर. टिपाड फक्त माशांसाठी, त्यात साबणाचा हात नाही, कपड्यांची बादली नाही. २०० लिटर म्हणजे तुमच्या टाकीतलं निम्मं पाणी सहा वेळा बदलता येतं. पाणी पाच दिवसांनी आलं तरी रोज एकदा बदलून थोडं उरतं. तोंडावर जुन्या साडीचं कापड ताणून बांधा, नाहीतर आठवड्यात डासांच्या अळ्या होतील आणि डेंग्यू घरात येईल.

दुसरी, क्लोरीन. नळाशी पोहोचणाऱ्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा असा पिण्याच्या पाण्याचा निकष आहे, आणि तो हवाच, त्यामुळेच आपण आजारी पडत नाही. कल्ल्यांना आणि जिवाणूंना मात्र तेवढाही सोसत नाही. टिपाडात एअर स्टोन (एअर पंपाच्या नळीला लावायचा सच्छिद्र दगड) सोडून चोवीस तास बुडबुडे चालू ठेवले तर साधा क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेटचे पांढरे खडे; पूर्वी फोटो स्टुडिओत हेच वापरायचे. २०० लिटरला २ ग्रॅम पुरतात. ते कपभर पाण्यात विरघळवून टिपाडात ओता. तुमचं निळं औषध बहुधा याचंच पातळ रूप असेल, किंवा माशांच्या आजारावरचं मेथिलीन ब्लू असेल. बाटलीवरचं नाव वाचा. मेथिलीन ब्लू असेल तर ते बंद करा, ते फिल्टरच्या जिवाणूंनाही मारतं.

तिसरी गोष्ट सर्वात महत्त्वाची आणि सर्वात कमी सांगितली जाणारी. अमोनिया पाण्यात दोन रूपांत असतो, एक फारसं न बाधणारं आणि एक जाळणारं. कोणतं किती, ते पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्कधर्मी आहे त्याचं माप) आणि उष्णता ठरवतात. पीएच ७ आणि पाणी ३० अंश असेल तर शंभरातला एक भागसुद्धा विषारी रूपात नसतो. पीएच ८ झाला की शंभरातले सात-आठ भाग विषारी. आपल्याकडचं साठवलेलं पाणी, विशेषतः बोअरचं, जड म्हणजे क्षार जास्त असलेलं असतं आणि त्याचा पीएच आठच्या आसपास असतो. त्यात एप्रिल महिना. म्हणजे पाणी तपासायच्या किटमध्ये १ पीपीएम हा एकच आकडा दिसला तरी दुसऱ्या गावच्या मऊ पाण्यातला मासा निवांत फिरेल आणि आपला मासा हवेसाठी धडपडेल. विषारी रूप लिटरला ०.०५ मिलीग्रॅमच्या पुढे गेलं की कल्ल्यांना इजा सुरू होते. म्हणून मी इथे मर्यादा अर्ध्या पीपीएमची धरतो. अमोनिया आणि नायट्राइट मिळून ०.५ च्या वर दिसले की त्या दिवशी निम्मं पाणी बदलायचं, वार-तारीख बघायची नाही.

याच जड पाण्याचा एक मोठा फायदाही आहे. हे जिवाणू अमोनिया पचवताना पाण्यातला क्षार खर्च करतात, एक मिलीग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलीग्रॅमच्या वर. मऊ पाण्यात तो क्षार लवकर संपतो, पीएच सहाच्या आसपास घसरतो आणि सायकल अडकून बसते. आपल्याकडे ते सहसा होत नाही. म्हणूनच कळकळीने सांगतो, ‘शुद्ध पाणी’ म्हणून आरओचं किंवा विकतच्या जारचं पाणी टाकीत भरू नका. त्या पाण्यात जिवाणूंना लागणारा क्षारच उरलेला नसतो. बोअरचं पाणी अगदी खारट लागत असेल तर ते आणि नळाचं निम्मं-निम्मं करा.

टेस्ट किट घ्या. मासे, खडी, प्लॅस्टिकची झाडं यांवर झालेला खर्च बघता ते महाग नाही, आणि त्याच्याशिवाय हे सगळं अंधारात चाललेलं असतं. कागदी पट्ट्यांपेक्षा थेंबांचं किट बरं. काचेची छोटी नळी टाकीच्याच पाण्याने एकदा खंगाळा, खुणेपर्यंत भरा, बाटली अगदी उभी धरून थेंब मोजा. तिरकी धरली तर थेंब लहान-मोठे पडतात आणि आकडा चुकतो. सांगितलेली मिनिटं पूर्ण थांबा. मग नळी पांढऱ्या कागदावर ठेवून खिडकीच्या उजेडात रंग बघा, ट्यूबलाइटखाली पिवळा आणि पोपटी यांतला फरक कळत नाही. बऱ्याच किटमध्ये अमोनिया पिवळ्याकडून हिरव्याकडे जातो, नायट्राइट आकाशी रंगाकडून जांभळ्याकडे. पिवळ्यात हिरव्याची नुसती झाक आली तरी ती मोजा. रोज सकाळी, खाद्य घालण्याआधी, एका वहीत तारीख आणि दोन आकडे लिहा. मुलाला हे काम द्या, दुसरी-तिसरीतलं मूलही ते मन लावून करतं.

वहीत काय दिसेल? आधी फक्त अमोनिया. दोन-तीन आठवड्यांत नायट्राइट दिसू लागेल आणि अमोनिया उतरणीला लागेल. हा टप्पा लोकांना घाबरवतो, कारण एक विष कमी होताना दुसरं वाढतं. पण पहिल्या गटाने काम सुरू केल्याची ही खूण आहे. नायट्राइटचा टप्पा अधिक रेंगाळतो. हे करणारे जिवाणू कोणते याबद्दल जुनी पुस्तकं नायट्रोबॅक्टर असं नाव सांगतात. १९९८ साली गोड्या पाण्याच्या टाक्यांमध्ये तपासलं तेव्हा ते काम नायट्रोस्पायरा गटाचे जिवाणू करताना आढळले. आपल्यासाठी अर्थ इतकाच, की त्यांना वेळ, प्राणवायू आणि न धुतलेला स्पंज हवा.

नायट्राइट रक्तात शिरलं की रक्त प्राणवायू वाहू शकत नाही, कल्ले लालसर न राहता चॉकलेटी दिसतात आणि मासा पाण्यात भरपूर हवा असूनही गुदमरतो. यावर स्वयंपाकघरातला उपाय आहे. मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. १० लिटरला १ ग्रॅम, म्हणजे तुमच्या टाकीला सपाट एक चहाचा चमचा खडेमीठ, वाटीभर पाण्यात विरघळवून घाला. पुढे ३० लिटर पाणी बदलाल तेव्हा अर्धा चमचाच, कारण बाकीचं मीठ टाकीतच राहिलेलं असतं. मीठ उडून जात नाही. एवढ्याने झाडांना किंवा सकरला त्रास होत नाही. अमोनियावर मात्र मिठाचा काही परिणाम नाही, त्याला पाणी बदलणं हाच उपाय.

सायकल लवकर व्हावी असं वाटत असेल तर सर्वात खात्रीचा मार्ग म्हणजे ज्यांची टाकी वर्षभर सुरळीत चाललेली आहे त्यांच्याकडून वापरता स्पंज मागून आणा. जुना स्पंज हातात घेतलात तर कळेल: बोटांना बुळबुळीत लागतो, रंग चहाच्या चोथ्यासारखा, आणि वास पहिल्या पावसात ओल्या झालेल्या मातीचा. कुजका वास येत असेल तर घेऊ नका. त्यांच्या माशांवर पांढरे ठिपके किंवा कापसासारखी बुरशी दिसली तरीही नको. स्पंज ओला ठेवून उघड्या डब्यातून तासाभरात आणा आणि तुमच्या फिल्टरमध्ये ठेवा. अख्खा मिळाला नाही तर टाकीच्या पाण्यात पिळून त्याचा गढूळ रस तुमच्या स्पंजाजवळ ओता. पाणी दोन दिवस मळकट दिसेल, दिसू द्या. जुन्या टाकीचं नुसतं पाणी आणून उपयोग नाही, जिवाणू पृष्ठभागाला चिकटून राहतात, पाण्यात फार थोडे असतात. बाटलीतले जिवाणू मिळतात, त्यांतले काही चांगले असतात, पण उन्हाळाभर तापलेल्या दुकानाच्या फळीवर पडून राहिलेल्या बाटलीवर मी विसंबत नाही.

घरात मनी प्लांट असेलच. त्याची एक-दोन लांब फांदी घ्या, मुळं धुऊन पाण्यात सोडा, पानं बाहेर राहू द्या. झाडं अमोनिया सरळ शोषतात. पानं पाण्यात बुडली तर कुजतील, आणि गोल्डफिश मुळं कुरतडतील, म्हणून मुळांभोवती भोकं पाडलेला प्लॅस्टिकचा पेला लावा.

उन्हाचं सांगितल्याशिवाय सोलापूरचं उत्तर पुरं होणार नाही. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो: २० अंशांना लिटरला नऊ मिलीग्रॅमच्या आसपास, ३० अंशांना साडेसात. आणि फिल्टरच्या जिवाणूंनाही तोच प्राणवायू हवा असतो. माझ्या पहिल्या उन्हाळ्यात, बाहेर ४२ अंश असताना, टाकी पत्र्याच्या खोलीत ठेवली होती. पाणी ३४ अंशांवर गेलं आणि एका दुपारी पाच गोल्डफिश गेले. अमोनिया त्या दिवशी फारसा नव्हता. पाण्यात हवाच उरली नव्हती. तेव्हापासून मार्चअखेरीस मी टाकीच्या तीन बाजूंना ओले पंचे गुंडाळतो, त्यांचं खालचं टोक पाणी भरलेल्या ताटात सोडतो आणि टेबल फॅन त्यांच्यावर धरतो. आपल्या टेरी टॉवेलांचं कापड पाणी छान धरून ठेवतं. दोन-तीन अंश सहज उतरतात. पंचा नवा असेल तर खळ जाईपर्यंत साध्या पाण्यात धुऊन घ्या, आणि डिटर्जंटचा टॉवेल टाकीजवळ आणू नका. झाकण काढून जाळी ठेवा. बर्फाचे खडे थेट टाकू नका, पाणी एकदम गार-गरम झालेलं माशांना सोसत नाही.

दिवे गेले तर? एअर पंपाला फार थोडी वीज लागते, घरातल्या लहान इन्व्हर्टरवरही तो रात्रभर चालतो. फिल्टर बंद डब्याचा असेल आणि चार-पाच तास वीज येणार नसेल तर स्पंज काढून टाकीतल्या उघड्या पाण्यात तरंगत ठेवा. बंद डब्यात प्राणवायू संपून तो सडतो, आणि वीज आल्यावर तेच सडकं पाणी टाकीत येतं. एरवी फिल्टर चोवीस तास चालू. रात्री आवाज होतो म्हणून बंद करणारी घरं मी पाहिली आहेत, सायकल होत नाही याचं कारण बऱ्याचदा तेच निघतं.

पहिल्या आठवड्यात पाणी ताक घातल्यासारखं पांढुरकं झालं तर त्याला हात लावू नका. ते वेगळे जिवाणू असतात, आपणहून जातात.

स्पंज कधीतरी साफ करावाच लागतो. पाण्याचा ओघ मंदावला की टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत तो दोन-तीनदा हलक्या हाताने दाबा, बस. काळपट राहिला तरी चालेल.

माशांच्या संख्येबद्दल स्पष्ट सांगतो, कारण इथे गोड बोलून उपयोग नाही. चार गोल्डफिश ६० लिटरमध्ये कायम राहू शकत नाहीत. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि घाण भरपूर करतो. सकर तर हातभर होतो. आत्ताच दोन गोल्डफिश आणि सकर एखाद्या मोठी टाकी असलेल्या ओळखीच्यांना किंवा दुकानाला परत द्या, अमोनिया लगेच निम्म्याने कमी होईल. कोणी घेत नाही म्हणून संभाजी तलावात किंवा सिद्धेश्वर तलावात मात्र सोडू नका. बाहेरून आलेला सकर तिथे टिकतो, पसरतो आणि आपल्या माशांची अंडी-पिल्लं, शेवाळ सगळं फस्त करतो. उरलेल्या मॉलीला आपलं जड पाणी आवडतं, ती सावरेल.

नवा मासा कधी आणायचा? रोजचं नेहमीचं खाद्य चालू असताना सलग सात दिवस अमोनिया शून्य आणि नायट्राइट शून्य आलं, आणि नायट्रेट दिसायला लागलं, की मगच. उन्हाळ्यात साधारण चार ते सहा आठवडे धरा, थंडीत पाणी वीस-बावीस अंशांवर असेल तर जास्त. तेव्हाही एका वेळी एकच लहान मासा, कारण फिल्टरमध्ये जिवाणू आहेत तेवढ्याच माशांपुरते असतात. नवा मासा आल्यावर ते वाढायला पुन्हा आठवडा-दोन आठवडे लागतात, त्या दिवसांत वही चालू ठेवा.

आज रात्री निम्मं पाणी बदलून झालं की उद्या सकाळी टाकीतला अमोनिया, नायट्राइट आणि टिपाडातल्या मुरलेल्या पाण्याचा पीएच हे तीन आकडे मला कळवा, सोबत दुपारी दोन वाजता पाणी किती अंश होतं तेही. पाणी रोज बदलावं लागेल की दिवसाआड पुरेल, ते त्यावरून सांगतो.